माळ्यावरचं क्वांटम मेकॅनिक्स

मुलीने आवाज चढवायचा नाही हे आमच्या घरात मला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं, पण मी ते इतकं मनापासून पाळलं की एम.एस्सी.च्या वर्गात माझं बोलणं दुसऱ्या बाकापर्यंतही पोचेना. पन्नासच्या दशकातलं नागपूर, वर्गात मी एकटीच मुलगी, तीही वाशिमकडची. तोंडातून एखादं वऱ्हाडी ‘मले-तुले’ निसटेल या धास्तीने उरलासुरला आवाजही मी गिळून टाकायची.

क्वांटम मेकॅनिक्सच्या सरांनी प्रत्येकाला फळ्यापाशी उभं राहून एकेक विषय समजावून द्यायला लावलं होतं. माझ्या वाट्याला भिंत आली. म्हणजे असं की, इलेक्ट्रॉनच्या वाटेत ऊर्जेची भिंत आहे, ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्यापाशी नाही, तरी तो कधीकधी पलीकडे सापडतो. गणित मला चोख येत होतं. फळा भरला, तोंड मात्र उघडेना. शेवटच्या बाकावरून सर दोनदा “ऐकू येत नाही” म्हणाले आणि मग त्यांनी सरळच बजावलं, “दिवाळीनंतर पुन्हा उभ्या राहा. तेव्हाही असंच झालं तर तुमच्या टर्मवर मी सही करणार नाही.”

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. मला रडू नाही आलं, संताप आला. फळ्यावर गणित बरोबर असताना हा माणूस माझा घसा तपासतो म्हणजे काय!

तोच संताप घेऊन दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गावी, धनजला आले. वावरात ज्वारी चिकात आली होती, म्हणजे कोवळ्या दाण्यात दूध भरलं होतं, आणि पाखरं राखणारी बाई तापाने पडली होती. मी म्हणाले, मी बसते. चार खांबांवर बांधलेला माळा, हातात गोफण, भोवती डोलणारी कणसं. चिमण्यांचा थवा उतरला की हाकारा घालायचा, एवढंच काम. माझा पहिला हाकारा माझ्याच कानापर्यंत पोचला असेल-नसेल. चिमण्या निवांत दाणे टिपत राहिल्या. यांनाही ऐकू येत नाही! मग मात्र माझं डोकं फिरलं. उठून उभी राहिले आणि फळ्यावरच्या त्या समीकरणाची सुरुवातच तोंडाला आली, ती ओरडले, “मायनस एच-बार स्क्वेअर अपॉन टू एम!”

सगळा थवा भुर्रकन उडाला.

त्या दिवसापासून मला जोरच चढला. गावात मुलगी ओरडली तर कुणी नाक मुरडणार नाही अशी ती एकच जागा होती, आणि मी तिचं सोनं करायचं ठरवलं. चिमण्यांना अख्खं समीकरण, पोपटांना भिंतीच्या आत ओसरत जाणारी इलेक्ट्रॉनची लाट, साळुंक्यांना पलीकडे उरलेला तिचा लहानसा अंश. शेजारच्या वावरातल्या बाया काम सोडून बघायच्या. शेवटी बाबा माळ्याखाली येऊन उभे राहिले.

“काय बोंबलून राह्यली वं बाई? पाखरं इंग्रजी शिकली का आता?”

“अभ्यास करून राह्यली बाबा. एक कण असते. त्याच्यासमोर भिंत असते. त्याच्यात ताकद नसते, तरी कधी कधी पल्याड सापडते.”

“भिंत फोडून?”

“नाही.”

“चढून?”

“नाही.”

“मंग हा आपल्या शेजाऱ्याचा गोऱ्हा व्हय. कुंपन जागच्या जागी, अन् हा आपल्या तुरीत. कोंडवाड्यात टाका त्याले.”

“तिथूनही निघते बाबा. भिंत जाड असन तर क्वचित, पातळ असन तर जास्तदा.”

बाबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. त्यांना पटलं नव्हतं, पण ते हसले नाहीत. म्हणाले, “मंग मोठ्यानंच सांगत जाय. असली गोष्ट हळू सांगितली तं लोकाइले खोटी वाटते.”

सुट्टी संपली. पुन्हा फळ्यापाशी उभी राहिले. पहिलं वाक्य पुटपुटले. शेवटच्या बाकावरून आलंच, “ऐकू येत नाही.” समोर पोरं खाली माना घालून हसत होती, अगदी चिकातल्या ज्वारीवर उतरलेल्या थव्यासारखी. मी छातीभर श्वास घेतला.

“मायनस एच-बार स्क्वेअर अपॉन टू एम!”

झरोक्यातली कबुतरं फडफडत बाहेर गेली. पुढच्या बाकावरच्या पोराच्या हातातला टाक खाली पडला. मग मी थांबलेच नाही. भिंत उभी केली, लाट आत शिरवली, ओसरवली, पलीकडे काढली. “भिंत पातळ असन तर” हे भर इंग्रजीच्या मध्ये वऱ्हाडीत निघून गेलं, आणि जाऊ दिलं. कुणी हसलं नाही. मला इतका आनंद झाला होता की कुणी हसलं असतं तरी ते मला दिसलं नसतं.

शेवटी खडू ठेवला आणि विचारलं, “ऐकू आलं का सर?”

सर उठून पुढे आले. “बाई, खाली रसायनशास्त्राचा तास चालू आहे. त्यांनाही आलं.” आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.

सही झाल्यावर मी “थँक यू” म्हटलं, तेही हाकाऱ्याच्याच आवाजात.