रुमालाखालचे गणपती

मकरपुऱ्याच्या कारखान्यात माझं काम एकच: माल कुठे अडतो ते शोधायचं आणि तिथे जाऊन भांडायचं. स्वभावाला मानवणारं काम आहे. अडलेलं काम मला बघवत नाही, मग ते कंपनीतलं असो की तरसालीला काकांच्या घरातलं.

काका शाडूचे गणपती करतात. त्यांची पद्धत ठरलेली होती. आधी सगळ्या मूर्ती साच्यातून काढायच्या, मग सगळ्या वाळवायच्या, सगळ्या रंगवायच्या, आणि चतुर्थी तोंडावर आली की काका आंघोळ करून सगळ्यांचे डोळे आखायला बसणार. डोळ्यांना दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. त्यामुळे शेवटी नुसती झुंबड. दारात गिऱ्हाइकं, आत बिनडोळ्यांचे गणपती. घाईत अर्धवट वाळलेल्या मूर्ती रंगवल्या जायच्या आणि रंगासकट तडकायच्या. रंग लागलेली माती पुन्हा मळता येत नाही, तिचा ढीग परसात वाढत जायचा. चतुर्थीला काका इतके दमलेले असत, की घरच्या आरतीत भिंतीला टेकून चक्क घोरत.

गेल्या वर्षी बरीच गिऱ्हाइकं वैतागून प्लास्टरच्या तयार मूर्ती घेऊन गेली. यंदा पाडव्याला काकांनी आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत जाहीर केलं, "हे शेवटचं. या वेळी वेळेत झालं नाही, तर मीसुद्धा प्लास्टरच्याच मूर्ती आणून विकीन. बस, बहु थयुं."

मला रडूच आलं. बालपणीच्या माझ्या सगळ्या सुट्ट्या त्या घरात माती थापत गेल्या होत्या. रडून झाल्यावर मी भांडायला गेले.

"काका, सगळं एकदम कशाला? एका फळीवर मावतील तेवढ्याच मूर्ती पूर्ण करायच्या, मग दुसरी फळी. डोळेसुद्धा त्या त्या फळीचे तेव्हाच आखायचे."

"दीकरा, हे तुझ्या कंपनीतले नटबोल्ट नाहीत!" काका कडाडले. "डोळे उघडले की देव जागा झाला. त्याला काय महिनोन्महिने फळीवर ताटकळत ठेवू?"

कंपनीत 'पहिल्यापासून असंच आहे' असं कुणी म्हटलं की मी त्याला सोडत नाही. पण हे कारण वेगळं होतं. त्यात माया होती, आणि मायेशी भांडता येत नाही. मी तोंड पाडून स्कूटर काढली.

अर्ध्या रस्त्यात आठवलं. लहानपणी आमचा गणपती तरसालीहून बाजव्याला आमच्या घरी माझ्या मांडीवर बसून यायचा, बाबांच्या स्कूटरवरून, तोंडावर रुमाल टाकून. पाटावर बसेपर्यंत त्याने काही बघायचं नाही म्हणून. मी तिथल्या तिथे स्कूटर वळवली.

"काका, रुमाल!" मी दारातूनच ओरडले. "नेताना तोंड झाकतोच ना आपण? मग फळीवरही झाकू. पाटावर बसल्यावरच बघेल तो."

काकांची सून, माझी वहिनी, रंगाचे हात पुसत बाहेर आली. "बराबर बोलते ने, बाबा. आणि आंघोळ तर तुमची रोजच होते."

"एक फळी," काका म्हणाले. "फक्त एक."

ती फळी रंगवून झाली त्या सकाळी काका पूजेवरून उठले ते थेट कुंचला घेऊन बसले. शेवटच्या मूर्तीचे डोळे होईपर्यंत जागचे हलले नाहीत. मग तिच्यावर रुमाल टाकला आणि विचारलं, "दुसरी फळी क्यारे? कधी घ्यायची?"

जिंकले! आता फुशारकी मारणं शोभत नाही, पण मी मारणारच. मूर्ती नीट वाळू लागल्या. एखादी तडकलीच तर रंगाआधीच दिसायची, आणि ती माती परत भिजवायला जायची. परसात ढीग झालाच नाही, तिथे वहिनीने दोडक्याचा वेल चढवला. वाट बघायच्या तयारीने आलेल्या एका गिऱ्हाईक बेननी मूर्ती हातात घेतल्यावरही विचारलं, "साचेच तैयार छे?" ती खरंच तयार आहे यावर त्यांचा विश्वासच बसेना. प्लास्टरवाल्याचा फोन आला तेव्हा काकांनी "नथी जोइतुं" एवढंच म्हणून ठेवून दिला.

चतुर्थीला घरच्या गणपतीचा रुमाल काकांनीच काढला. आरती सुरू झाली. ते सगळ्यांच्या पुढे उभे होते आणि अगदी बेसूर, सगळ्यांच्या वर आवाज काढून गात होते. मी टाळ्या सोडून डोळे पुसत होते.

आरती संपल्यावर ते माझ्याकडे वळले. "किती वर्षांनी अख्खी ऐकली गं."