फेओ रंगाऱ्याची सरदारकी

मोंतेरुगो गावात कुणाला हद्दपार करायचं तर निकाल गावच्या सरदारासमोर वाचावा लागे. कायदाच होता तसा. पण जुन्या सरदारांनी भांडून एकमेकांनाच हद्दपार केलं होतं, आणि उरलेला एकजण गावच्या जत्रेत वाम मासे जास्त खाऊन वारला. तेव्हा नगरसभेने फेओ रंगाऱ्याला सरदार करायचं ठरवलं. फेओ कुणाच्या अध्यात ना मध्यात, शिवाय त्याच्याकडे घोडा होता.

फेओ अठ्ठावन्नाचा होता. आपल्याला कुणी सरदारासारखं मानाने ‘मेसेर’ म्हणावं, एवढीच त्याची जन्मभराची हौस. बातमी कळली त्या दिवशी तो निळीच्या पिंपाशी बसून ढसाढसा रडला.

नवा सरदार करायचा तर तो सरदारानेच करावा लागतो, म्हणून शेजारच्या गावचे म्हातारे मेसेर ऊगो आले. आधी स्नान. स्नानाने माणूस निष्पाप होतो. फेओचे हात कोपरापर्यंत निळे, ते काही स्वच्छ होईनात. तासभर राखेने घासल्यावर ऊगो म्हणाले, “पाप गेलं असेल. रंग राहू दे.”

मग शपथा. खोटा न्याय होत असेल तिथे थांबायचं नाही, दगा द्यायचा नाही, बायाबापड्यांना साह्य करायचं, शुक्रवारी उपास. सगळे सरदार या शपथा घेतात आणि जेवायला बसतात. फेओने मात्र त्या रंगाच्या कृतीसारख्या पाठ केल्या. मग ऊगोंनी रिवाजाप्रमाणे एक थोबाडीत दिली, टाचांना सरदारकीची खूण म्हणून घोडा टाचायचे सोनेरी काटे बांधले, आणि फेओ मेसेर फेओ झाला.

तिसऱ्या आठवड्यात नूता विधवेचा खटला आला. सभेचे प्रमुख बाल्दो यांची गवताची वखार जळाली होती. जाळली बाल्दोंच्याच भावाने, दारू पिऊन, हातात कंदील घेऊन. हे फेओने समोरच्या दुकानातून पाहिलं होतं आणि साक्षीतही सांगितलं होतं. लिहून कुणी घेतलं नाही. नूता सूत कातायची, तिला भाऊबंद नव्हते, म्हणून ती दोषी ठरली, शिक्षा हद्दपारी. कारकुनाने निकालाचा कागद उलगडला तसा फेओ उठला.

“बसा, मेसेर,” बाल्दो म्हणाले.

“बसता येत नाही. शपथ आहे.”

“अहो, ते बोलायचं असतं नुसतं!”

“मी घेतली ना पण.”

“तुम्ही गेलात तर निकाल वाचता येत नाही!”

“मग खरा निकाल करा. मी बसतो की, मला कुठे घाई आहे?” असं म्हणून फेओ चालू लागला.

सभेने ठरवलं, भर चौकात याचे काटे कापून घ्यायचे आणि दुसरा सरदार शोधायचा. घरी बायको चेक्का म्हणाली, “पंधरवड्याचे मेसेर! आपली कोंबडीसुद्धा याहून जास्त दिवस अंड्यावर बसते.” मग ताटात वाढता वाढता म्हणाली, “उठलात ते बरं केलंत.” ‘मेसेर’ ही हाक जाणार म्हणून फेओला फार वाईट वाटत होतं, आणि ते त्याने लपवलंही नाही.

काटे कापायलाही सरदारच लागतो. पुन्हा ऊगो आले. चौकात गाव जमलेलं, कडेला नूता चाती घेऊन उभी. ऊगोंनी सुरी काढली आणि विचारलं, “याने केलं काय?”

बाल्दोंनी सांगितलं.

“चाळीस वर्षं मी अशा सभांना बसलोय,” ऊगो म्हणाले. “अकरा निकाल खोटे होते. मला ठाऊक होतं. मी एकदाही उठलो नाही.” त्यांनी सुरी म्यान केली. “याचे कापायचे तर आधी माझे कापावे लागतील. बोलवा कोण सरदार आहे तो.”

पंचक्रोशीत सरदार दुसरा नव्हताच; काटे राहिले आणि निकालही न वाचता राहिला. गावाने एकमेकांकडे पाहिलं. नूताने तिथेच पायरीवर बसून सूत कातायला घेतलं.