क्नोपची उजवी किडनी

यित्स्के तयार मजकुरावर कधी विसंबली नाही. तेवीस वर्षं ती सोनोग्राफीचं मशीन गाडीत घालून फ्रीसलंडमधल्या गावोगावच्या प्राण्यांच्या दवाखान्यांत जायची. दवाखान्यांच्या संगणकात रिपोर्टचा साचा तपासणीआधीच लिहून ठेवलेला असतो. यकृत ठीक, प्लीहा ठीक, दोन्ही किडन्या ठीक. जे ठीक नसेल तेवढं खोडायचं. यित्स्के आधी सगळं खोडायची, मग दिसेल तेवढंच लिहायची. नाही दिसलं तर 'दिसलं नाही'. यावरून तिची टिंगल व्हायची. कुणीतरी म्हणे, यित्स्केला आता चष्मा घेऊन द्यायला हवा.

मंगळवारी सकाळी डोक्कमजवळच्या दवाखान्यात क्नोप खोलगट गादीवर उताणा पडला होता. सहा किलोंचा, बुटक्या पायांचा डाकशुंड जातीचा कुत्रा. पुढचे पाय धरून मालक वोब्बे उभे होते. होड्या जाऊ देण्यासाठी कालव्यावरचा पूल उघडता-मिटता ते म्हातारे झाले होते. क्नोपच्या लघवीतून रक्त जात होतं. इथल्या डॉक्टर रिन्सेने रविवारी तपासून लिहिलं होतं, डावी किडनी फुगलेली, बहुधा गाठ, उजवी ठीक. डावी अकरा वाजता काढायची होती. त्याआधी तिच्या रक्तवाहिन्या बघून दे, एवढ्यासाठी यित्स्केला बोलावलं होतं.

तिने कोमट जेल लावून मशीनचा प्रोब पोटावर टेकवला. गार जेल लागलं की लहान कुत्रं पोट आवळून घेतं. डावी किडनी खरंच मोठी होती. लांबी शेजारच्या महाधमनीच्या जाडीच्या दहा पट. पण कडा स्वच्छ, आत गाठ कुठेच नाही. मूत्राशयात मात्र खडी चमकत होती. रक्त तिथून येत होतं.

मग ती उजवीकडे वळली. बरगडीखाली यकृत दिसलं, आतडी दिसली. क्नोपला कुशीवर घेऊन तिने बरगड्यांच्या मधून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग रिन्सेला बोलावलं.

"उजवी कुठे पाहिलीस?"

"बरगडीखाली. वायू होता फार. नीट दिसली नाही."

"मग ठीक कशी लिहिलीस?"

"ते आधीच लिहिलेलं असतं, यित्स्के. तुला काय नवीन आहे?"

"खोडताना बोटं झिजतात का रे तुझी?"

"हळू बोल. मालक समोर आहेत."

"त्यांचे कान शाबूत आहेत. धर हा प्रोब. दाखव मला."

रिन्से हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने प्रोब घेतला. दहा मिनिटं तो शोधत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला. पावणेअकरा झाले.

"नाहीये," तो म्हणाला.

"जन्मापासूनच नसणार. डावी एकटी दोघींचं ओढतेय, म्हणून वाढलीय. आणि तू तिलाच कापायला निघाला होतास."

रिन्सेने प्रोब खाली ठेवला. "बरं. ऑपरेशन पुढे ढकललं म्हणू. रिपोर्ट मी गुपचूप दुरुस्त करतो."

यित्स्केने जेलचे हात कपड्याला पुसले, पुसतच राहिली. "गुपचूप?"

क्नोपचे पाय वोब्बेंनी अजून सोडले नव्हते. "खाली होडी आहे का हे न बघता मी पूल कधी मिटला नाही, डॉक्टर," ते म्हणाले. "तीस वर्षांत एकदाही नाही."

रिन्सेला त्यांच्याकडे बघवेना. "चूक माझी आहे, वोब्बे," तो शेवटी म्हणाला. "किडनी काढायची नाही. खडीचं औषधपाणी करू."

वोब्बेंनी कुत्र्याला छातीशी धरलं आणि जेलसकट कोटात घेतलं. ते थँक्यू म्हणाले नाहीत.

ते गेल्यावर रिन्से म्हणाला, "वाचला ना? झालं तर मग."

"रविवारी वायू होता. आणखी किती जणांच्या पोटात होता?"

"म्हणजे?"

"यावर्षी किती लहान कुत्र्यांना दोन्ही ठीक लिहिलंस, न बघता?"

रिन्सेने संगणकावर यादी उघडली आणि खाली सरकवत गेला. "माहीत नाही."

"मग सगळ्यांना परत बोलाव. आत्ता. मी इथे बसते."

ती खुर्ची ओढून बसली. पुढच्या दवाखान्यात यायला उशीर होईल असं तिने फोन करून कळवलं. रिन्सेने यादीतल्या पहिल्या मालकाला फोन लावला.