तिच्या जागी मी बोललो

सांगलीच्या स्टँडवर आम्ही नवराबायको एकच चहा कपबशीत वाटून प्यालो. ती म्हणाली, "आवं, सकाळधरनं लय गरगरतंय." मी म्हणालो, "पोटात काय न्हाई म्हणून. चल गुमान."

जन्मभर वैरणीचे भारे डोक्यावर वाहून तिची मान आणि डोकं ठणकायचं. म्हणून मान मोकळी करून देणाऱ्या डॉक्टरकडं आणली होती. त्यानं तिला विचारलं, "चक्कर येते का?" आमच्यात बाईला विचारलं तरी उत्तर बाप्या देतो. मी म्हणालो, "न्हाई." मला वाटलं, हो म्हणालो तर हा तपासण्या करून आणायला परत पाठवंल. तिनं माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला.

त्यानं झटक्यात मान वळवली, कडकन वाजली. "हलकं वाटतंय," ती म्हणाली. येताना एस्टीत तिची जीभ जड झाली, तोंड वाकडं झालं. संध्याकाळी दवाखान्यात तिनं जीव सोडला. मेंदूकडं जाणारी मानेतली शीर फाटली, तिथले म्हणाले. दुपारी तर चहा प्यालो होतो आम्ही! अजून खरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भावकी त्या डॉक्टरला बडवायला निघाली. मी जीपपुढं उभा राहिलो आणि म्हणालो, "त्यानं इचारलं हुतं. न्हाई मी म्हणालो."