तारा नसलेला प्रश्न

प्रश्नाच्या क्रमांकाशेजारी तारा आहे की नाही, हे न बघताच मी विमलताईंना दिल्लीला घेऊन गेलो.

उभी नोकरी मी नागरिकशास्त्र शिकवण्यात घालवली. 'प्रश्नोत्तराचा तास म्हणजे काय?' याचं उत्तर तालुक्यातल्या निम्म्या संसारी माणसांना झोपेतून उठवून विचारलं तरी येईल, इतकं मी ते घोकून घेतलंय. पण पुस्तकात ताऱ्याचा उल्लेख नव्हता, आणि पुस्तकाबाहेर बघायची सवय मला नव्हती.

विमलताई आमच्या गावच्या महिला दूध संस्थेच्या अध्यक्ष. गावाच्या वरच्या अंगाला कापड रंगवणारा कारखाना आहे. तिथे ज्या रंगाचं काम चालतं त्या रंगाचा आमचा ओढा वाहतो. म्हशींनी त्यात उतरायचं सोडलं, दूध घटलं, तेव्हा ताईंनी हरित न्यायाधिकरणात अर्ज केला. सुनावणी पुण्यात. ऑनलाइन हजर राहायची मुभा होती, पण आमच्या गावात रेंज येते ती फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. ताई शिडीवरून हजर झाल्या. तोंड उघडं असताना त्यांचं चित्र गोठलं आणि पुढची तारीख पडली. मग त्यांनी खासदारांना गाठलं : या सुनावण्यांची सोय जिल्ह्याच्या गावी का करत नाही, एवढं सरकारला विचारा. खासदारांनी प्रश्न दिला, तो यादीत आला. "मंत्री काय म्हणतो ते मला या कानांनी ऐकायचंय," ताई म्हणाल्या. "चला की, मी नेतो," मी म्हणालो. गॅलरीचे पास खासदारांच्या कचेरीतून मिळाले. तिथेही कुणाला ताऱ्याचं विचारायचं मला सुचलं नाही.

गाडी निजामुद्दीनला पोचली तेव्हा धुकं एवढं दाट होतं की दिल्ली आली हे आम्हाला केवळ हमालांच्या आवाजावरून कळलं. मुक्काम मयूर विहारला, माझ्या मावसभावाकडे. श्रीकांत एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. गल्लीच्या तोंडाशी गजक (तीळगुळाची खुसखुशीत वडी) विकणारे बसले होते. ताईंनी एक तुकडा चाखून, आपली तिळाची वडी याहून बरी असते, असा निकाल दिला आणि अर्धा किलो घेतली.

श्रीकांतची मुलगी सई दिल्लीतच वाढलेली. ताई ओढ्याची हकिकत सांगत होत्या तर ती मध्येच म्हणाली, "मावशी, ओढा म्हणजे? अच्छा, नाला?"

ताई म्हणाल्या, "नाला त्यांनी केला बाळ. आमचा ओढाच होता."

जेवताना श्रीकांतने सहज विचारलं, "दादा, प्रश्न स्टार्ड आहे की अनस्टार्ड?"

मी आमटी वाढून घेतली. अज्ञान लपवायला आमटीसारखी दुसरी वस्तू नाही, भुरका मारेपर्यंत कोणी उत्तराची अपेक्षा करत नाही. श्रीकांतला मात्र घाई नव्हती. भुरका संपल्यावर त्याने समजावून सांगितलं : ज्या प्रश्नाला तारा असतो त्याचं उत्तर मंत्री सभागृहात उभा राहून देतो, त्यावर उपप्रश्न विचारता येतात. ज्याला नसतो त्याचं उत्तर छापून पटलावर ठेवतात. ते सभागृहात कोणी वाचून दाखवत नाही, त्यावर कोणी बोलत नाही. त्याने मोबाइलवर यादी उघडली. आमच्या प्रश्नाच्या आसपास तारा काय, साधा ठिपकासुद्धा नव्हता.

ताई तेव्हा स्वयंपाकघरात श्रीकांतच्या बायकोला भाकरी थापायला शिकवत होत्या.

"उद्या सांगेन," मी कुजबुजलो.

"आजच सांग, यार," श्रीकांत म्हणाला.

मी सांगितलं नाही.

सकाळी मेट्रोने निघालो. ताई चटकन पहिल्या डब्यात शिरल्या, त्यांच्यामागून मीही. आत सगळ्या बायका. पुरेशी जागा होती, म्हणून दिल्लीच्या शिस्तीचं मी मनातल्या मनात कौतुकही करून टाकलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "अंकल, ये लेडीज़ कोच है." मी ओशाळून पुढच्या स्टेशनावर उतरलो आणि गाडी ताईंना घेऊन निघून गेली. त्या मला नंतर फलाटावरच भेटल्या. नीट विचारपूस करून योग्य स्टेशनावर उतरून त्या माझी वाट बघत उभ्या होत्या. सांगायची एक चांगली वेळ तिथेही होती. तीही मी दवडली.

संसदेत मोबाइल, पेन, पिशवी, सगळं बाहेर ठेवावं लागतं. गजकही ठेवावी लागली. गॅलरीत बोलायचं नाही, हातवारे करायचे नाहीत, टाळ्या तर नाहीतच. पायावर पाय टाकून बसायलाही मनाई. मी टाकला. सफारीतल्या माणसाने खांद्यावर बोट ठेवून तो खाली घ्यायला लावला. आयुष्यभर मुलांना नीट बसायला सांगितलं, त्याची फेड झाली. ताई मात्र पदर सावरून लग्नातल्या फोटोला बसावं तशा ताठ होत्या.

कायदा खात्याचा दिवस होता. एका खासदारबाईंनी हिंदीतून प्रश्न टाकला : अमली पदार्थांच्या खटल्यांत चिमूटभर बाळगणारा पोरगा आणि पोत्यांनी विकणारा धंदेवाला, दोघं सारखेच तुरुंगात खितपत पडतात, हे खरं आहे का? मंत्री म्हणाले, नाही, कायद्यात प्रमाणानुसार शिक्षा आहे, कमी माल असेल तर कमी, व्यापारी माल असेल तर जबर. बाई पुन्हा उठल्या : शिक्षा नंतरची, खटला उभा राहीपर्यंत त्या पोराने किती काळ आत बसायचं? त्यावर दोन्ही बाजूंनी गलका झाला. ताई पुढे झुकून ऐकत होत्या. दर वेळी नवा क्रमांक पुकारला की त्या माझ्याकडे बघत, आणि मी छताकडे. सुंदर छत आहे. इतक्या बारकाईने ते फारच थोड्या लोकांनी पाहिलं असेल.

तास संपला. आम्हाला उठवलं. बाहेर उन्हात आल्यावर ताईंनी विचारलं, "आपला कधी झाला? मला डुलकी लागली का?"

मग सांगावंच लागलं. तारा, पटल, छापील उत्तर, सगळं. श्रीकांतने मला समजावलं होतं त्याच्या निम्म्यानेही ते मला नीट सांगता येईना. ताई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी गजकची पुडी सोडली, एक वडी मला दिली आणि चालू लागल्या.

दुपारी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या अतिथिगृहात खासदार भेटले. तरुण माणूस, काकू-काकू करणारा. त्यांनी उत्तराची प्रत ताईंपुढे ठेवली. जिल्ह्याच्या ठिकाणी सुनावणीची सोय करणार का, यावर लिहिलं होतं : 'माहिती गोळा केली जात आहे.' न केल्यास कारणे काय, यावर : 'प्रश्न उद्भवत नाही.'

ताईंनी दुसरं वाक्य दोनदा वाचलं. "उद्भवत नाही? माझ्या म्हशींना विचारा म्हणावं." मग कागद बाजूला सारून त्या खासदारांना म्हणाल्या, "सकाळी ऐकलं मी. चिमूटभर माल सापडला तर पोरगं आत, पोतंभर असेल तर जास्त शिक्षा. आमच्या ओढ्यात पिंपंच्या पिंपं ओततात, त्यांना मात्र पुढची तारीख. तिथे माल मोजत नाहीत का कुणी?"

खासदारांनी चहाचा कप खाली ठेवला. साहाय्यकाकडून पेन घेतलं आणि हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहून घेतलं. पुढच्या अधिवेशनात ताऱ्याचा प्रश्न देतो, म्हणाले, पण तो सोडतीत निघावा लागतो. दुसरी गोष्ट त्यांनी अशी सांगितली की 'माहिती गोळा केली जात आहे' हे सरकारचं आश्वासन धरलं जातं. ते पुरं झालं की नाही हे बघायला खासदारांची समिती असते, खात्याला ती माहिती आणून द्यावीच लागते.

"म्हणजे त्यांना आता पळवाट नाही?" ताईंनी विचारलं.

"वाट लांब आहे, काकू. पळवाट नाही."

ताईंनी कागदाची घडी घातली आणि मला न विचारता पिशवीत ठेवली.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून विचार करत होतो. प्रवासाने माणूस शहाणा होतो म्हणतात. माझं मत, बरोबरचा माणूस शहाणा होतो, आपण त्याची पिशवी धरतो. लोकशाही शिकवायला मला तीन पाठ लागायचे. ताईंना ती चुकीच्या प्रश्नाच्या तासाला बसून कळली. आणि त्या समितीचं नावही मला, नागरिकशास्त्राच्या मास्तरला, ठाऊक नव्हतं.

गावात पोचलो तर दूध संकलनाची वेळ. बायका कॅन तिथेच टाकून भोवती जमल्या. सरकार काय म्हणालं, मंत्र्याने काय सांगितलं? ताईंनी कागद काढून सचिवबाईंच्या हातात दिला आणि आश्वासन म्हणजे काय ते नीट समजावलं. महिन्या-महिन्याला खासदारांकडे कोणी विचारायला जायचं, त्याच्या पाळ्याही लावून टाकल्या. एकीने मला विचारलं, "गुरुजी, मग मंत्र्यांच्या तोंडून ऐकलंत ना सगळं?"

मी घसा साफ करीपर्यंत ताईच बोलल्या.

"मंत्र्याला ठाऊक नव्हतं, तर त्याने तसं लिहून तरी दिलं, माहिती गोळा करतोय म्हणून. गुरुजींना ठाऊक नव्हतं, तर यांनी तिकिटं काढली."