चाकावरची खडूची रेघ

हे मी हौसेनं लिहीत नाही. लिहायला लावलंय. दर शनिवारी दवाखान्यात आमच्यासारख्यांना गोल करून बसवतात. तिथं मी गॅरेजातल्या दोन-चार गोष्टी सांगितल्या, तर डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "नाना, हे लिहून काढा. नवीन येणाऱ्यांना धीर येईल." म्हणलं, धीर वाटायला मी काय प्रसादाच्या ताटापाशी बसलोय? चौथी शिकलेला माणूस. पण ऐकतील तर मॅडम कसल्या. वर अट घातली, लिहिलेलं मागं जाऊन वाचायचं नाही. चुकलं तर चुकलं.

म्हणजे हे लिहिणं पण औषधच. गोळ्या कमी पडत होत्या बहुतेक.

पस्तीस वर्षं बसच्या गॅरेजात काढली. तिथं ग्रीस साचतं तसे किस्से साचतात अंगावर. ग्रीस निदान रॉकेलनं निघतं.

*

आधी रोग सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

नाशिकात द्वारका चौकाच्या पुढं हायवेला लागून एका ट्रॅव्हल्सचं गॅरेज. माझं काम चाकं. बसच्या चाकाला दहा नट. पाना लावायचा, पान्यात पाइप घालून अंगाचं वजन टाकायचं, आणि नट आवळला की त्याच्यावरून खाली रिमपर्यंत खडूची एक रेघ ओढायची. नट ढिला होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते. ती रेघ म्हणजे माझी सही.

सगळे करतात तेच मी करायचो. फरक एवढाच, हात धुवायला नळापर्यंत गेलो की डोक्यात यायचं, तिसरा आवळला का? परत यायचं. रेघ असायची. बोटानं चाचपायची. परत नळाकडं. बघितली खरी, पण नीट बघितली का? परत चाकाकडं. तोवर डोळ्यांसमोर कसारा घाट आलेला असायचा, चाक निखळून पुढं पळतंय आणि मागं बस. पुढचं लिहीत नाही. रोज दिसायचं, दिवसातून किती वेळा ते विचारू नका.

याला ओसीडी म्हणतात हे मला साठीनंतर कळलं. तोवर गॅरेजात याचं नाव होतं 'नानाचं येड'.

आणि लोकांना वाटतं हा रोग म्हणजे टापटीप. माझ्या घरी या एकदा. टापटीप कुठं सापडली तर मला पण दाखवा.

*

आमचा फोरमन तोंडाचा लय वाईट. मी चाकापाशी परत बसलो की लांबूनच ओरडायचा, "नाना, लग्न लावून टाक त्या चाकाशी. अक्षता मी आणतो."

सगळे हसायचे. हसायला काय जातं?

एकटा रफीकभाई कधी हसला नाही. मुंबईची गाडी त्याची. इंजिन चालू ठेवून बसायचा, खिडकीतून मान बाहेर काढून विचारायचा, "नाना, बोल. जाऊ?" मी "जा" म्हणेपर्यंत गिअर टाकायचा नाही. फोरमन एकदा त्याच्यावर पण उखडला. रफीकभाई म्हणाला, "नानानं हात लावलेलं चाक आहे. मी डोळे मिटून चालवीन."

फोरमन म्हणाला, "डोळे उघडे ठेव आणि वेळेवर काढ."

*

घरी वेगळी तऱ्हा. घरी गॅस आणि कुलूप.

देवळाली कॅम्पला साडूच्या मुलीचं लग्न होतं. मी आणि आमची सिंधू, म्हणजे बायको, निघालो. नाशिकरोडला उतरून मी परत फिरलो, कुलूप बघून आलो. दुसऱ्यांदा निघालो, बिटको चौकापर्यंत गेलो, परत फिरलो. पोचलो तेव्हा पंगती उठून मांडववाले खुर्च्या एकात एक घालत होते. साडूनं विचारलं, "एवढा उशीर?" सिंधू म्हणाली, "हे कुलपाला भेटून आले. दोनदा."

तेव्हापासून तिनं शक्कल काढली. निघताना मोबाइलवर कुलपाचा फोटो काढायची. शंका आली की दाखवायची, "हे बघा, लावलंय." आठवडाभर बरं गेलं. मग एक दिवस रिक्षात मी तिला विचारलं, "हा आजचाच फोटो आहे ना?"

तिनं फोन पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढून घेतली.

*

मेव्हणा नामपूरचा, कांद्याचा व्यापारी. त्याला सगळ्यातलं सगळं कळतं. आला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "दाजी, हाई बाहेरनं शे." म्हणजे बाहेरची बाधा. डॉक्टर नको म्हणाला. तिकडं एका बुवाकडं घेऊन गेला. बुवानं लिंबू उतरवलं, मनगटाला काळा दोरा बांधला. दोऱ्याला नऊ गाठी. म्हणाला, "या गाठी सुटू द्यायच्या नाहीत."

ज्याला नट ढिला झाला का बघायचा रोग आहे, त्याच्या हाताला यानं गाठी बांधल्या.

महिनाभर मी गाठी तपासत होतो. शेवटी सिंधूनं विळीनं दोरा कापला आणि चुलीत नाही, कचऱ्याच्या गाडीत टाकला. मेव्हण्याला फोन करून म्हणाली, "दादा, परत कोणाकडं नेलंस तर तुझीच दृष्ट काढीन."

*

आता सगळ्यांनाच ओसीडी झालाय. शेजारचा पोरगा, कंपनीत कॉम्प्युटरवर असतो, जिन्यात भेटला. म्हणाला, "काका, मला पण थोडा ओसीडी आहे. कपाटात शर्ट रंगाप्रमाणे लावल्याशिवाय मला चैन पडत नाही."

म्हणलं, "नाही लावले तर तुझ्या हातून चाळीस माणसं मेली असं वाटतं का?"

"छे, असं कशाला वाटेल?"

"तुझ्या आईनं ताट वाढून ठेवलंय आणि तू तीन तास कपाटापाशी रडत उभा आहेस, असं झालंय कधी?"

"नाही काका."

"मग तुझ्याकडं कपाट आहे. ओसीडी नाही."

आता जिन्यात भेटला की मोबाइल कानाला लावून वर जातो. जाऊ दे.

*

घोटीचं सांगायला मला आवडत नाही. पण मॅडम म्हणाल्या, ते सोडायचं नाही.

सकाळची वेळ. रफीकभाईची गाडी. पुढचं डावं चाक मी बसवलं, दहा नट आवळले, दहा रेघा ओढल्या. नळावर गेलो. शंका आली, परत आलो. सहाव्या नटावर रेघ नाही.

इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शंका कितीही येऊ दे, परत आलो की रेघ असायची. मी सहावा परत आवळला, रेघ ओढली, खडू मोडेपर्यंत दाबून ओढली. चहाच्या टपरीपर्यंत गेलो, परत आलो. रेघ नाही.

रेघ ओढल्याचं आठवतंय आणि रेघ नाही, तर आवळल्याचं आठवतंय त्याचं काय? मी परत पाना घेतला. तेवढ्यात फोरमन आला, पाना हिसकावला आणि माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. रफीकभाईनं विचारलं, "नाना, जाऊ?" मी काही बोलायच्या आत फोरमनच म्हणाला, "जा." गाडी गेली.

मी फोरमनची मोटारसायकल घेतली. विचारलं नाही. थेट घोटीच्या टोलनाक्याला गाडी गाठली, आडवा उभा राहिलो. सगळ्या पॅसेंजरांना उन्हात खाली उतरवलं. एक बाई तान्हं पोर पदराखाली घेऊन उभी होती. मी पाना लावला. दहाच्या दहा नट घट्ट.

एकानं व्हिडिओ काढला. 'येडा मेकॅनिक' म्हणून नाशिकभर फिरला. माझ्या सुनेला तिच्या माहेरच्यांनी पाठवला.

शेठनं बोलावलं. म्हणाला, "उद्यापासून चाकाला हात लावायचा नाही. गाड्या धू." दोन वर्षं मी पाइप धरून गाड्या धुतल्या. मी बसवलेली चाकं मीच धुवायचो. म्हणजे दुसऱ्यानं बसवलेली. बघा, चुकलं. मागं जाणार नाही.

*

सिंधूनं मग दवाखान्यात नेलं. मॅडमना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, या आजारात माणसाचा स्वतःच्या नजरेवरचा, आठवणीवरचा विश्वास उडतो. मला पटलं. माझी नजरच खोटी, ओढलेली रेघ तिला दिसत नाही, हे मी मनाशी पक्कं केलं. चाकापेक्षा त्याची भीती जास्त. उद्या पोरांचे चेहरे दिसेनासे झाले तर?

गोळ्या सुरू झाल्या आणि वर मॅडमचा अभ्यास. एकदाच करायचं, मागं वळायचं नाही. शंका येऊ द्यायची, तिला उत्तर द्यायचं नाही.

माझं डोकं फिरलं. म्हणलं, "मॅडम, तुमच्या गाडीचं चाक बसवतो आणि बघत नाही. चालेल?"

त्यांनी पर्समधून चावी काढली. "बसवा."

दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मी त्यांच्या गाडीचं चाक काढलं आणि बसवलं. एकदाच आवळलं. खडू नाही. मॅडम बसल्या आणि गंगापूर रोडनं निघून गेल्या. मी लोखंडी कठडा धरून उभा. घामानं बनियन भिजलं. त्या बाईला दोन लहान लेकरं आहेत हो. त्या वेळेला मी त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहीत नाही.

वीस मिनिटांनी आल्या, काच खाली केली. "नाना, अजून एक चक्कर मारू?"

"मारा. पण मला बरोबर घ्या."

"नाही. तुम्ही इथंच थांबायचं."

*

गाड्या धुण्याची दोन वर्षं झाल्यावर रफीकभाई शेठकडं गेला आणि म्हणाला, "माझ्या गाडीचं चाक नाना बसवेल, नाहीतर गाडी तुम्ही चालवा." मला चाकं परत मिळाली. एकदा आवळायचं, एकदा रेघ, आणि नळावर जाऊन हात धुवायचे. पाठ फिरवून उभा राहायचो. तो म्हणायचा, "नाना, जाऊ?" मी न बघता म्हणायचो, "जा."

*

गेल्या महिन्यात मी काम सोडलं. गॅरेजातच शेठनं निरोप दिला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ. मंडप घातला होता, माइक होता. सिंधू आली होती, पहिल्या रांगेत बसली होती.

आमचा इलेक्ट्रिशियन दत्तू उठला. वीस वर्षं माझ्या डब्यातली भाजी खाल्लेला माणूस. माइक हातात घेऊन म्हणाला, "आज नानाचा सगळ्यात भारी किस्सा सांगतो. तो घोटीला पळाला होता ना? अरे, त्या दिवशी नाना नळावर गेला तसा मी ओलं फडकं घेऊन गेलो आणि एक रेघ पुसली. टपरीवर गेला, परत पुसली. म्हणलं बघू काय करतो. तर हा भाऊ डायरेक्ट घोटीला."

मंडप हसला. शेठ डोळे पुसून पुसून हसला. फोरमन हसला. रफीकभाई खुर्चीवरून उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

मी बसल्या जागेवरून विचारलं, "दत्तू, कितवा नट?"

"काय?"

"कितव्या नटाची रेघ पुसलीस?"

"आता ते कोणाला आठवतंय, नाना?"

"सहावा," मी म्हणालो.

सिंधूनं माझा हात धरला.

फोरमन दुसऱ्या दिवशी घरी आला, दारातच उभा राहून "चुकलं, नाना" म्हणाला आणि चहा न घेता गेला. शेठचा पण तसाच फोन आला. ज्यानं व्हिडिओ काढला त्याला मी ओळखत नाही. राहिला एकच. तो आला नाही, म्हणून त्याचं नाव पूर्ण लिहून ठेवतो. दत्तू रामभाऊ शिरसाठ.