शीतगृहातल्या चोवीस खुणा

बटाट्याच्या बियाण्याला थंडी वाजायला हवी, पण ते गारठून मरता कामा नये. तीन अंशांच्या आसपास ठेवलं तर ते काही महिने शहाण्यासारखं झोपतं. जरा ऊब मिळाली की कोंब फुटतात, दमट हवा कोंडली की कुजायला लागतं. एवढं पुस्तकात असतं. पण त्या शीतगृहातल्या आठ खोल्यांपैकी कुठल्या खोलीचा कुठला कोपरा आधी उबतो, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते आत्याला माहीत होतं.

आत्या म्हणजे तिथल्या मॅनेजरची सख्खी आत्या. गंमत अशी की आत्या तिथे आधी लागली आणि भाचा पुष्कळ नंतर. तो साहेब होऊन आला आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांदेखत "आत्या, चहा घेतलास का?" म्हणून मोकळा झाला. झालं! तेव्हापासून हमालांपासून ट्रकवाल्यांपर्यंत सगळ्यांची ती आत्याच. तिच्याहून आठ वर्षांनी मोठा असलेला फोरमनसुद्धा तिला आत्या म्हणायचा, आणि तीही खुशाल ओ द्यायची.

तिचं काम फेरीचं. अंगात गुडघ्यापर्यंतचा जाड कोट, हातात विजेरी आणि थर्मामीटर. दर दोन तासांनी आठही खोल्यांत शिरायचं, प्रत्येक खोलीत तीन ठिकाणी तापमान बघायचं आणि दाराबाहेरच्या पाटीवर खडूने लिहायचं. बावीस वर्षं पायाला भिंगरी लावल्यासारखी ती फिरत होती. तिच्या पाळीत एक पोतंही कधी कुजलं नाही. हे ती स्वतःच्या तोंडाने सांगायची नाही, पण दुसरं कुणी सांगू लागलं की हातातलं काम थांबवून नीट ऐकून घ्यायची.

मग एका हिवाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना, डबे आले. ते बसवायला एक इंजिनिअर मुलगी आली. पंचविशीची, घसरणारा चष्मा बोटाने वर ढकलत बोलणारी. मुलगी गुणी होती. आत्याला तिने सगळं समजावून सांगितलं, आणि असं समजावणारे फार नसतात.

"हे बघा आत्या, प्रत्येक खोलीत असे तीन छोटे डबे. ते तापमान मोजणार आणि बिनतारी बोलणार. एखाद्याचा आवाज दारापर्यंत पोचला नाही, तर मधला डबा शेजारधर्म पाळून निरोप पुढे देणार. दाराबाहेर हा मोठा डबा, याला हब म्हणायचं. पंखे कधी लावायचे, थंडी किती वाढवायची, ते हा इथल्या इथे ठरवणार. शंभर कोसांवरच्या कॉम्प्युटरला विचारत बसणार नाही."

"म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत," आत्या म्हणाली.

"अगदी बरोबर!" मुलगी खूश झाली.

भाचाही खूश होता. "आत्या, सुटलीस! आता त्या थंडीत मरायला नको. फाटकापाशी मस्त खुर्ची टाकून बस, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद कर."

त्याने ते मायेने सांगितलं, म्हणून तर ते जास्त लागलं. आत्या "बरं" म्हणाली आणि कोट खुंटीला अडकवून फाटकापाशी जाऊन बसली. दोन महिन्यांत तिचे गुडघे दुखायचे थांबले आणि झोप उडाली.

डबे बसले. मुलीने ते हाताला येतील असे छातीच्या उंचीवर भिंतींना लावले होते. पडद्यावर चोवीसच्या चोवीस ठिपके हिरवेगार. ते बघताना आत्याच्या मनात एक शंका आली होती. पण शिकल्यासवरल्या माणसांच्या मध्ये आपण कशाला तोंड घाला, असं म्हणून तिने ती गिळली. हे तिचं चुकलंच, आणि ते तिने पुढे कबूलही केलं.

हंगाम सुरू झाला. पोती आली, थरावर थर चढले, खोल्या छताखाली दोन हात सोडून गच्च भरल्या. आणि एकेक ठिपका विझू लागला. आधी पहिली खोली मुकी झाली, मग तिसरी, मग पाठोपाठ सहावी. आतून खबरच येईना, म्हणून हब बिचारे ठरावीक वेळाने पंखे फिरवत राहिले. मुलीने बॅटऱ्या बदलल्या, डबे बंद करून पुन्हा चालू केले, दोन दिवस कॉम्प्युटरसमोर डोकं धरून बसली. काही उपयोग नाही. तोवर फोरमनला फेरीवर धाडलं होतं. तो दारात उभा राहून एक आकडा घ्यायचा आणि हात चोळत परत यायचा.

मालक दुसऱ्या गावी राहायचे. त्यांचा फोन आला. भाचा फाटकापाशी आला तो हसतच.

"आत्या, मालक म्हणाले, शनिवारपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर सगळे डबे काढून परत पाठवा. म्हणजे सोमवारपासून तू पुन्हा फेरीवर!"

नुसतं मूग गिळून बसायचं होतं. चार दिवस. तेवढं केलं की तिचं काम तिला परत मिळणार होतं, कुणाच्या पाया न पडता. तिला मोह झाला नाही, असं खोटं सांगू नये. झाला. त्या दुपारी तिने खुंटीवरचा कोट काढून झटकलासुद्धा.

कोट अंगात चढवलाच होता, म्हणून ती सहज तिसऱ्या खोलीत शिरली. मागच्या डाव्या कोपऱ्यातल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. आत ऊब होती. अजून काही बिघडलं नव्हतं, पण आठवडाभरात बिघडलं असतं. ती तशीच बाहेर आली आणि थेट त्या मुलीपुढे जाऊन उभी राहिली. आपल्याच पायावर धोंडा मारून घेतोय हे तिला चांगलं कळत होतं.

"पोरी, डबे बिघडलेले नाहीत. तू ते रिकाम्या खोलीत तपासलेस, तिथेच घोळ झाला."

"म्हणजे?"

"अगं, बटाटा म्हणजे पाण्याचा गोळा. रिकाम्या खोलीत माझा मोबाइल छान वाजतो. पोती भरली की दोन थरांच्या मध्ये ठार मुका. माझ्या नवऱ्याला विचार, हंगामात मी फोन उचलत नाही म्हणून किती वर्षं बोलणी खातेय मी!"

मुलीने चष्मा काढला आणि कपाळावर हात मारला. "पाणी रेडिओ लहरी पिऊन टाकतं. हे मी कॉलेजात शिकलेय हो, आत्या!"

"मी नाही शिकले, पण मला माहीत होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. चल, शिडी आण."

दोन दिवस दोघी खोल्यांतून फिरल्या. छताखालची दोन हातांची पोकळी हवा खेळायला ठेवलेली असते. डबे तिथे, मधल्या वाटेच्या वर, एकमेकांना दिसतील असे लावायचे ठरले. तापमान मोजणारी बारीक वायर मात्र खाली पोत्यांच्या पोटात सोडायची. कुठल्या तुळईवर पाणी ठिबकतं, कुठे पंख्याचा गार झोत थेट लागून आकडा फसवतो, कुठल्या थरात आधी ऊब धरते, ते आत्या सांगत गेली आणि खडूने खूण करत गेली. चोवीस खुणा झाल्या. मुलीने एका खुणेवर वाद घातला, डबा हातभर बाजूला लावून पाहिला, आणि अर्ध्या तासाने गुपचूप खुणेवर आणला.

शनिवारी मालक स्वतः आले. पडद्यावर चोवीस हिरवे ठिपके होते. तिसऱ्या खोलीचा हब कोपऱ्यातली ऊब ओळखून पंखा वाढवून बसला होता. हब हे इथल्या इथे ठरवतो, यावर मालकांचा विश्वास बसेना. तेव्हा मुलीने त्यांच्यादेखत इंटरनेटची केबल ओढून काढली. मालकांच्या मोबाइलवरचे आकडे गोठले, पण आठही खोल्यांचे पंखे आपापल्या हिशेबाने चालू-बंद होत राहिले. तासाभराने केबल परत लावली, तर मधल्या तासाची मिनिटामिनिटाची नोंद हजर.

"जागा कुणी ठरवल्या?" मालकांनी विचारलं.

"आत्यांनी," मुलगी म्हणाली. "एकूण एक."

मालक आत्याकडे वळले. "बाई, हे चाललं नसतं तर तुमचं काम तुम्हाला परत मिळणार होतं. माहीत होतं ना?"

"होतं."

"मग कशाला सांगितलंत?"

आत्याला प्रश्नच चमत्कारिक वाटला. "बियाणं कुजलं असतं की, मालक!"

मालकांनी खिशातून एक नवाकोरा डबा काढून टेबलावर ठेवला. बाजारातून स्वस्तात आणलेला, दारात कोण येतं-जातं ते दाखवणारा. "बरं, हाही जोडून टाका याच जाळ्यात."

"हब कुणालाही आत घेत नाही," मुलगी म्हणाली. "आधी ओळख पटवावी लागते, आणि त्याची किल्ली, म्हणजे हो-नाही म्हणायचा अधिकार, एकाच माणसाकडे राहते. इथली किल्ली मी कालच आत्यांच्या नावावर केलीय, आणि कुठला डबा घ्यायचा, कुठला नाही, तेही त्यांना शिकवलंय. त्यांनाच का म्हणाल तर, पोत्यात हात घालून बघणारं दुसरं कुणी मला इथे दिसलं नाही."

भाच्याने आ वासला. मालकांनी डबा आत्यापुढे सरकवला. तिने तो उलटापालटा करून पाहिला. बनवणाऱ्याचं नाव नाही, पासवर्ड मात्र कागदावर छापून मागेच चिकटवलेला.

"नाही घेणार," ती म्हणाली. "असला डबा म्हणजे आयतं भगदाड. यातून उद्या कुणी शिरून पंखे बंद केले तर?"

"अहो बाई, कोठार माझं आहे!"

"आहे ना. म्हणूनच नाही म्हणतेय."

भाचा जमिनीकडे बघू लागला. मालकांच्या नाकाचा शेंडा लाल झाला, त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा त्या डब्याकडे, आणि तो उचलून परत खिशात घातला.

"मग कुठला आणू?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत मालकांनी तिला बरंच काही सांगितलं होतं. विचारलं मात्र आज पहिल्यांदा. आत्याचा ऊर भरून आला, आणि ते तिने लपवलंही नाही. खुर्ची ओढून ती मालकांसमोर ऐसपैस बसली.

"कागद घ्या," ती म्हणाली, "सांगते."